भिंगरीचा चेहरा

६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील, आणि नसशील तर मला वाईट वाटेल. निवृत्त माणसाला कामं नसतात हा तुझा लाडका समज. इथे मला मान वर करायला फुरसत नाही. हिचं तर म्हणणं असं, की नोकरीत होतो तेव्हाच मी जास्त घरात दिसायचो.

बातमी अशी की कंपनीनं आपली जुनी शेड झाडूनपुसून काढली आहे. बाबा जिथे लेथपाशी उभे असायचे तिथे आता गुळगुळीत फरशी घातली आहे, आणि त्या फरशीवर कंपनीच्या जुन्या भिंगरी दुचाक्या ओळीनं मांडायच्या आहेत. कुठून कुठून आणल्यात म्हणून सांगू! एक तर चक्क कोंबड्यांच्या खुराड्यातून निघाली. टाकी घासली तेव्हा खालून मी रंगवलेली अक्षरं वर आली आणि मला लहान पोरासारखं रडू फुटलं. हे कोणाला सांगू नकोस.

मार्चमध्ये उद्घाटन आहे. मालकांची लेक आता सगळा कारभार बघते, हे तुला माहीत आहेच. तिनं स्वतः फोन करून सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशी माझा सत्कार करायचाय. भिंगरीच्या जाहिरातीचा चित्रकार म्हणून. मी भाषण करायचं, चित्र कसं सुचलं, नाव कसं पडलं ते सांगायचं. पहिल्या रांगेत तुझ्या आणि भाऊजींच्या नावाच्या खुर्च्या राखून ठेवल्यात. तू आली नाहीस तर मी भाषणात तोतरा होईन.

एक छोटंसं काम आहे. कंपनीचा इतिहास लिहायला एक मुलगी नेमली आहे. फार चौकस. ती तुला कदाचित फोन करेल. पहिल्या पोस्टरवर तू होतीस आणि मग का बदललं असं विचारेल. आपण घरात जे नेहमी म्हणत आलो तेच सांग, की लग्न ठरलं आणि सासरकडून नको म्हणून निरोप आला. त्यापेक्षा जास्त खोलात शिरू नकोस. नावाची गोष्ट कंपनी सांगते तीच राहू दे.

भाऊजींना नमस्कार. दुकान अजून स्वतःच उघडतात का? मोठ्या मनानं उत्तर लवकर पाठव.

तुझा धाकटा,
ठिपक्या

*

१५ जानेवारी

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात घेऊन मी तशीच स्वयंपाकघरातून दुकानात गेले आणि सत्काराची बातमी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ह्यांच्यापुढे एक गिऱ्हाईक नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवून बसलं होतं. त्यानंही ऐकलं आणि अभिनंदन कळवायला सांगितलं. तेव्हा एका अनोळखी, अधू डोळ्यांच्या माणसाचं अभिनंदन घे. ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या माणसाच्या एका डोळ्याला दुसऱ्याची काच बसवली. पत्रातला पुढचा मजकूर मात्र मी मनातच वाचला.

भाषणात काय सांगायचं ते सांग, पण खरं काय झालं ते आपल्या दोघांत तरी जागेवर राहू दे. तू शेडच्या कुंपणावर बसला होतास, हातात पेन्सिल, आणि तुझ्या शर्टावर पेंटरकाकांच्या दुकानातले सतरा रंगांचे ठिपके. बाबांनी पंपाचं इंजिन गाडीच्या सांगाड्यात बसवलं होतं. पहिल्यांदा मागचं चाक फिरायला लागलं ते थांबायचं नावच घेईना. माझ्या पायाला भिंगरी म्हणून बाबा मला भिंगरी म्हणायचेच. ते म्हणाले, आता घरात दोन भिंगऱ्या झाल्या, एकीलाही बसवत नाही. मालक तिथेच उभे होते, हसले, आणि गाडीला तेच नाव पडलं. मालकांची लेक त्या वेळी शेडकडे फिरकतही नव्हती, इंजिनाच्या आवाजानं तिचं डोकं दुखायचं. लहानपणी ती गिरक्या घ्यायची म्हणून गाडीचं नाव भिंगरी, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोट धरून हसले होते. असू दे. नावाचं मला काही वाटत नाही, नाव काय मी वापरून झिजवणार होते?

आणि चित्रातले ते पाय! सगळ्यांना वाटतं केवढी ही ऐट, दोन्ही पाय हवेत आणि पोरगी उतारावरून सुसाट. अरे, पाय ठेवायच्या पट्ट्याच बसवल्या नव्हत्या. बाबा त्या आणायला लोहाराकडे गेले होते आणि मला दम निघाला नाही. पाय ठेवायला जागा नाही म्हणून वर उचलले. ब्रेकही पायाचाच, म्हणजे तोही नाही, हे मला अर्ध्या उतारावर आठवलं. शेवटी राखेच्या ढिगात जाऊन थांबले. तू ढिगाच्या आधीचं तेवढं काढलंस, आणि मालकांनी खाली छापलं की भिंगरीवर बसा, पाय जमिनीला टेकणार नाहीत. किती पोरांनी ते बघून घोटे मोडून घेतले असतील देव जाणे.

आता तुझं काम. फोन आला तर मी त्या मुलीशी गोड बोलेन, पण सासरचं काही सांगणार नाही, आणि तूही स्टेजवरून सांगू नकोस. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. हे आता थकलेत, डोळ्यांवर पडदा येतोय, चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको.

मी विसरले आहे असं मात्र समजू नकोस. त्या घरानं मला भिंतीवरून उतरवलं आणि गाडीवरूनही उतरवलं. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर मला विचारलं की गाडी कुठे ठेवलीस. तो टोमणा मी गिळला तो अजून घशात आहे. या घराचं मी सगळं केलं, कशात कमी पडू दिलं नाही, पण जवळ जाऊन कधी बसले नाही. ह्यांच्याही नाही. ते काही बोलायला आले की मी तेवढ्यास तेवढं उत्तर देते. त्यांना वाटतं माझा स्वभावच असा. तुला आठवतं का रे माझा स्वभाव कसा होता?

जाऊ दे, सत्काराच्या पत्रात हे कशाला. आम्ही येतो. तुझ्यासाठी ह्यांनी वाचायचा एक हलका चष्मा बाजूला काढून ठेवलाय, भाषणाचा कागद धरताना हात लांब करावा लागू नये म्हणून. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग आणि तब्येतीला जप.

तुझी,
ताई

*

२४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. राखेच्या ढिगापाशी आल्यावर ती इतकी हसली की शेजारीण काय झालं ते बघायला आली. तू पत्रं लिहितेस तशी मला भाषणं लिहून दे.

पण ताई, एक घोळ झालाय. एका जुन्या गाड्या जमवणाऱ्याला कुठल्याशा छपरावर पत्र्याची पाटी सापडली. पहिल्या खेपेतली, तुझ्या चेहऱ्याची. छपराला भोक होतं तिथे लावली होती, म्हणून इतकी वर्षं टिकली. ती त्यानं थेट कंपनीत आणून दिली. आता दोन पाट्या शेजारी शेजारी टांगणार आहेत आणि येणारा प्रत्येक माणूस विचारणार. हात तेच, कोपरं तीच, बूट तोच, आणि वर डोकं दुसरं! इतिहासवाली मुलगी तर माझ्या मागेच लागली आहे. मी तिला तुझ्या सासरचं सांगितलं. तर म्हणाली, पुस्तकात छापायचं तर त्या घरातल्या कोणाचं तरी म्हणणं हवं.

तेव्हा भाऊजींकडून दोन ओळी लिहून घे. फार काही नको. आमच्या घरच्यांच्या इच्छेनुसार चित्र बदललं, एवढंच आणि खाली सही. त्या काळी सगळीच घरं तशी होती, त्यात कोणाला कमीपणा नाही. तू गोडीत मागितलंस तर ते नाही म्हणायचे नाहीत, त्यांनी आयुष्यात कोणाला नाही म्हटलंय?

तू म्हणशील चार माणसांत त्यांची मान खाली. अगं, उलट मोकळेपणानं कबूल केलं म्हणून लोक कौतुकच करतील. आणि हे झालं नाही तर मालकांच्या लेकीला अवघडल्यासारखं होईल, तिच्याच घरच्या कार्यक्रमात. माझ्या सत्काराला त्याचं गालबोट लागायला नको. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव येणार आहे, ताई. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या, आता कुठे सही करायची वेळ आली.

दोन ओळी पुढच्या डाकेनं येतील अशा भरवशावर आहे. तुझ्या मायेला हा आगाऊपणा नवा नाही.

तुझा,
ठिपक्या

*

४ फेब्रुवारी

श्री. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

अक्षर मोठं आलंय त्याबद्दल क्षमा करा. दुसऱ्यांना चष्मे देता देता माझ्याच डोळ्यांनी संप पुकारला आहे. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया सोपी असते. मीही गिऱ्हाइकांना असंच सांगत आलो, त्यामुळे त्यांच्यावर फारसा विश्वास बसत नाही.

सत्काराबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या बहिणीनं बरीच टाळाटाळ करून शेवटी तुमच्या सत्कारासाठी म्हणून मला दोन ओळी लिहून द्यायला सांगितलं. मी कागद घेतला, पण काय लिहायचं ते कळेना, म्हणून तिला विचारलं की आमच्या घरच्यांची कसली इच्छा. ती म्हणाली, पोस्टरवरून मला उतरवायची. मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती.

मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला लिहितो. दुकान नुकतं टाकलं होतं आणि लांबची नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता घ्यायची ऐपत नव्हती. समोरच्या भिंतीवर भिंगरीचं पोस्टर लागलं. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून तेच वाचायला सांगायचो. मोठी अक्षरं, मग खालची ओळ, मग कारखान्याचा पत्ता. ज्याला मुलीच्या बुटाचा बंद सुटलेला दिसायचा त्याला चष्म्याची गरज नाही, असा माझा हिशेब. दिवसातून किती वेळा ते चित्र बघत असेन. ती रस्त्याकडे बघत होती, आमच्याकडे नाही. ते मला फार आवडलं होतं.

शेवटी कारखान्याच्या पत्त्यावर चौकशी केली. आईला सांगितलं. ती स्वतः रस्ता ओलांडून जवळून बघून आली आणि म्हणाली, हीच. तुमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरांच्या मार्फत मागणी घातली ती तिनंच. लग्न ठरल्यावर तिनं अंगणातली अडगळीची खोली रिकामी करून घेतली, सून गाडी घेऊन येणार म्हणून. आळीभर सांगत सुटली होती. लग्न होऊन घरी आलो तेव्हा तिनं गाडी कुठे ठेवलीस म्हणून विचारलं, ते खरंच विचारलं हो. खोली दाखवायची होती तिला.

लग्नाच्या थोडं आधी पोस्टर बदललं. सकाळी दुकान उघडलं आणि भिंतीवरची मुलगी माझ्याकडे बघून हसत होती. मान जरा वाकडी बसली होती. मी समजलो की तुमच्या बहिणीनं स्वतःच आपला चेहरा काढायला लावला. परक्या माणसांनी रोज बघावं हे तिला आवडत नसेल. त्या परक्यांत मीच पहिला होतो, म्हणून लाज वाटली. तिला मी पोस्टरवर पाहिलं हे मी कधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी एकदा जुनी भिंगरी विकाऊ आहे, घेऊया का असं विचारलं होतं. तिनं सांगितलं की पुन्हा हा विषय काढू नका. मी काढला नाही.

हे ऐकून ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग पुन्हा एकदा. काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. माझ्या आईच्या नावावर कोणी निरोप आणला असेल तर तो कोणी आणला, हे तुम्हाला आठवत असेल. तेवढं तिला कळवाल का? दोन ओळी मात्र मला लिहिता येणार नाहीत. आई असती तर तिला फार लागलं असतं.

वाचायचा चष्मा वेगळा पाठवतो आहे. तुम्हा सर्वांचं क्षेम असावं.

आपला,
चष्मेवाला

*

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र मिळालं. तू स्वतः का लिहिलं नाहीस? दोन दिवस मी जेवलो नाही, हिला विचार.

ताई, इतक्या जुन्या गोष्टीत कोण काय बोललं हे कोणाला आठवतं? तू आता उलटतपासणी घेऊ नकोस. मालकांच्या मनात आपल्या लेकीचा चेहरा घालायचं आलं. गाडी चालली होती, पोस्टर गावोगाव गेलं होतं, आणि लोक ती कोणाची मुलगी म्हणून विचारायला लागले होते. फिटरची मुलगी हे उत्तर मालकांना सांगवेना. मला बोलावून घेतलं, डोकं बदल म्हणाले. मी सतरा वर्षांचा होतो. बदललं नसतं तर दुसऱ्या कोणी बदललं असतं, आणि मी पुन्हा पेंटरकाकांच्या दुकानात पाट्या रंगवत बसलो असतो. त्याऐवजी त्यांनी मला जाहिरात खातं दिलं. त्यात माझं काय चुकलं?

आता तुला काय सांगायचं हा प्रश्न होता. खरं सांगितलं असतं तर तू तशीच तरातरा मालकांच्या केबिनमध्ये गेली असतीस. मी तुला ओळखतो. बाबा खोकत होते, शेडमधून त्यांना काढलं असतं तर ते घरी बसूनच संपले असते. तुझं लग्न ठरलेलंच होतं. त्या घरचा निरोप आला म्हटलं की तू गप्प बसणार हे मला माहीत होतं. तू तेव्हा त्या लोकांना ओळखतही नव्हतीस गं. परक्यांवर चार दिवस रागावशील आणि मग संसारात विसरशील असं वाटलं. कोणतं घर तेव्हा असं म्हणालं नसतं? ते म्हणाले असते तेच मी आधी बोललो, एवढंच.

आणि बाबांनाही माहीत होतं. त्यांनी मला अडवलं नाही.

तू सुखात राहिलीस की. भाऊजींसारखा माणूस कोणाला मिळतो? इतक्या वर्षांनी ही राख उकरून काय हाती लागणार? मी तुला शब्द देतो, स्टेजवर तुझ्या सासरचा चकार शब्द काढणार नाही. दोन ओळी नकोत, त्या मुलीला मी काहीतरी सांगून वाटेला लावतो. तू फक्त ये. पहिल्या रांगेत तू नसलीस तर मला उभं राहवणार नाही.

मोठी आहेस, पोटात घाल. वाट बघतो.

तुझाच,
ठिपक्या

*

९ मार्च

चि. ठिपक्यास,

भाषण चांगलं झालं असं तुला कळवायला ह्यांनी सांगितलं आहे, म्हणून कळवते.

तू दचकशील. तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही म्हणून आम्ही येणार नाही असं तू धरलंस, आणि पहिल्या रांगेतल्या आमच्या खुर्च्यांवर दुसरी माणसं बसवलीस. आम्ही मागे होतो, शेवटच्या खांबापाशी. मी येणार नव्हते. हेच म्हणाले की भावाचा सत्कार एकदाच होतो, आणि त्यानं शब्द दिलाय. नवा कोट घातला होता ह्यांनी. दिसत नाही धड, तरी दोन्ही पाट्यांसमोर कितीतरी वेळ उभे राहिले. पहिली पाटी तर अगदी नाक लावून बघितली.

तू बाबांबद्दल बोललास ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग तू दोन चेहऱ्यांवर आलास. समोर मालकांची लेक बसली होती. तू हसत हसत सांगितलंस की पहिला चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा, पण तिचं सासर पडलं जुन्या वळणाचं, सून भिंतीवर कशी चालेल म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि बिचारीला खाली उतरवलं. सासूबाईंची नक्कलही केलीस. तू त्यांना नीट पाहिलंही नव्हतंस. सगळी शेड हसली. आमच्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले की काय एकेक माणसं असायची त्या काळी. आणि हे त्यांना हो म्हणाले. त्या माणसाला अवघडायला नको म्हणून हो म्हणाले रे.

मी पुढे यायला निघाले होते. ह्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, आज त्याचा दिवस आहे. म्हणून तुझा दिवस पार पडला. तो माझ्यामुळे पार पडला असं समजू नकोस. माझ्या हाती असतं तर मी तो पार पडू दिला नसता.

तू लिहिलंस की सतरा वर्षांचा होतो. खरं आहे. सतरा वर्षांच्या मुलाला मी माफ केलं असतं, कदाचित हे पत्र लिहितानाच. पण त्या स्टेजवर सतरा वर्षांचा मुलगा नव्हता. तुला सगळं कळलं होतं, तू मला शब्द दिला होतास, आणि तरी बोललास. का, तर मी समोर नाही असं वाटलं म्हणून. पहिल्या वेळीही असंच झालं असणार. मी समोर नव्हते.

बाबांना माहीत होतं असं लिहिलंस. असेलही, नसेलही. ते सांगू शकणारा आता तू एकटाच उरलास, आणि तुझ्यावर विश्वास ठेवायची सोय तू ठेवली नाहीस. ज्या वाक्यानं तू तुझं ओझं हलकं केलंस, त्यानं माझे बाबाही मला पहिल्यासारखे राहिले नाहीत.

चित्र घेतलंस, त्याचं मला खरंच काही नाही. तुझंच होतं ते. नाव त्यांनी घेतलं, घेऊ देत. पण खोटं ठेवायला तुला एक घर हवं होतं आणि तू माझं घर घेतलंस. मी त्या घरात राहायला जाणार होते, ठिपक्या. चार दिवस रागावेन म्हणालास. सासूबाई शेवटच्या आजारात माझा हात धरायच्या आणि मी औषधाची वेळ झाली म्हणून सोडवून घ्यायचे. जुनी भिंगरी घेऊया का म्हणून हे विचारायला आले, तेव्हा मला वाटलं जखमेवर मीठ चोळायला आलेत. त्या दिवशी ह्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं.

आता मी दुपारी दुकानात जाऊन ह्यांच्याजवळ बसते. परवा हिंमत करून विचारलं की इतकी वर्षं तुम्हाला माझा राग नाही आला का. त्यांनी हातातली काच पुसून ठेवली. मग म्हणाले की तुला बोलणं आवडत नाही असं समजून मी गप्प राहायला शिकलो, पहिल्यांदा फार जड गेलं, आता इतकी सवय झाली आहे की मलाही बोलता येत नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो, दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत.

तू ह्यांना पत्र लिही आणि त्यांच्या आईबद्दल माफी माग. ते लगेच माफ करतील, वर तुझ्या तब्येतीची चौकशी करतील. त्यांचं उत्तर आलं म्हणजे माझंही आलं असं धरू नकोस. मला लिहू नकोस. इथे लोभ असू द्यावा असं म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही.

चष्मेवाल्यांची बायको